गल्लीत नळाला थेट मोटार लावतात, काय करावं?

वही_आणि_घड्याळ · मंगळवार, सकाळी ६.४०

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगर, सिडको एन-९. आज आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. पहाटे ३.५० पासून जागा आहे आणि चिडून लिहितोय, तेवढं समजून घ्या.

आमची गल्ली अठरा रो-हाऊसची. नऊ इकडं, नऊ तिकडं. तोंडाशी कडुलिंबाखाली व्हॉल्व्ह आहे. लाइनमन तिथं चावी फिरवतो आणि ४५-५० मिनिटांनी येऊन बंद करतो. या उन्हाळ्यात आमची पाळी सातव्या-आठव्या दिवशी येते. म्हणजे महिन्यातून चार वेळा, सगळं मिळून तीन-सव्वातीन तास नळ.

मी शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. निवृत्त झालो तरी स्टॉपवॉच सुटलं नाही. पाण्याची एक वही ठेवली आहे: तारीख, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आणि १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागला. घरात या वहीची चेष्टा होते. पण बघा, २०२१ मध्ये माझ्या नळाखाली ही बादली ४२ सेकंदांत भरायची. आज पहाटे ४ मिनिटं १० सेकंद लागली. बादली तीच, नळ तोच.

बदललं काय, तर गल्लीत नळाला थेट जोडलेल्या सात टिल्लू मोटारी. अंधारात नुसत्या आवाजावरून कुणाची कुठली ते सांगू शकतो. ३ नंबरची घरघरली की माझी धार करंगळीएवढी होते. ६ ची चालू झाली की दोऱ्यासारखी. ९ ची सुरू झाली की नळ पाणी द्यायचं सोडून हवा आत ओढायला लागतो. तोंडाला बोट लावलं तर बोट चिकटतं! मी ११ नंबरला, गल्लीच्या मधोमध. माझी ही गत, तर १८ नंबरच्या मावशींची काय असेल? आज त्यांची कळशी भरायला नऊ मिनिटं लागली. मी उभा राहून मोजलं.

तक्रार केली की पथक येतं, मोटारी जप्त होतात, असं ऐकून आहे. पण ६ नंबरवाल्यांच्या गाडीतून मला मध्यरात्री घाटी दवाखान्यात नेलं होतं. ९ नंबरच्या घरी दरवर्षी गणपतीच्या आरतीला जातो. त्यांच्या दारातून मोटार उचलायला लावून मग आरतीला कुठल्या तोंडानं उभा राहू? मुलगा म्हणतो, आपणही लावू. तो वाळूजला शिफ्ट करून येतो, त्याला पहाटेचं हे सगळं नको झालंय. तुमच्या गल्लीत कुणी काही मार्ग काढलाय का? उपदेश नको, प्रत्यक्ष काय केलं ते सांगा.

---

टाकी_फुल्ल · सकाळी ७.१५

काका, रागावू नका, पण लावून टाका. आमच्या इकडं गारखेड्यात सगळ्यांनीच लावल्यात, भांडणच मिटलं. तुम्ही एकटे साधू राहून काय उपयोग? तुमच्या वाट्याचं पाणी ३ नंबरच्या टाकीत जायलंय आणि तुम्ही वहीत लिहायलेत.

---

फेरूल · सकाळी ८.०२

टाकी_फुल्ल भाऊ, भांडण मिटलं नाही, फक्त विजेचं बिल वाढलं. वीस वर्षं नळजोडणीचं काम करतो, म्हणून सांगतो.

मोटार पाणी तयार करत नाही. गल्लीत त्या पाऊण तासात किती पाणी शिरणार हे वरच्या टाकीची पातळी, मोठी लाइन आणि व्हॉल्व्ह ठरवतात. मोटार फक्त त्याची वाटणी बदलते. अठरापैकी सात जणांनी लावली तर सात जण बाकीच्या अकरांचं ओढतात. अठराच्या अठरा जणांनी लावली तर वाटणी जवळपास पुन्हा पहिल्यासारखीच. वर प्रत्येकाची चार-पाच हजारांची मोटार, आणि चार वर्षांनी वाइंडिंग जळणार ते वेगळंच. मग कुणीतरी अर्ध्याच्या जागी एक एचपीची आणतो. हे मी तीन गल्ल्यांत पाहिलंय. तिसऱ्या गल्लीत एकानं दीड एचपीची आणली.

काका, तुमचं बोट नळाला चिकटतं ना, तेच सगळ्यात वाईट लक्षण आहे. लाइनमध्ये उलटा दाब तयार होतो. जमिनीखालचा पाइप जिथं गळतो, तिथून एरवी पाणी बाहेर जातं. दाब उलटला की तिथूनच बाहेरचं आत येतं. आणि आपल्याकडं पाण्याचा पाइप अन् ड्रेनेजचा पाइप किती अंतरावर असतात ते खोदकाम पाहिलेल्यांना विचारा.

एवढं कळवा: हौद आहे का? नळ जमिनीपासून किती उंच? मोटार लावलेल्यांपैकी कितींना हौद आहे?

---

कोपऱ्यावरची · सकाळी ९.३०

फेरूलदादा म्हणतात ते आमच्या घरात होऊन गेलंय. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाण्याला पहिली दहा मिनिटं वास यायचा. आम्ही पहिल्या चार बादल्या अंगणात ओतायचो आणि पुढचं भरून ठेवायचो. दहावीतल्या मुलाला कावीळ झाली. जानेवारीत. प्रॅक्टिकल तोंडावर आलेली, आणि हा डोळे पिवळे घेऊन अंथरुणात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, नळाचं, स्वच्छ दिसतं. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं.

आमच्या गल्लीतल्या चार घरांत झाली. त्यातली दोन घरं मोटारवाल्यांचीच होती, हे लिहून ठेवते.

तेव्हापासून मी पिण्याचं उकळते. सिलिंडर सहा दिवस आधी संपतो. पण मोटारी अजून आहेत.

---

लातूरकर · सकाळी ११.१०

तुमचं भांडण वाचून २०१६ आठवलं. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सगळ्या मोटारी आपोआप बंद पडल्या. नळच आला नाही, मोटार ओढणार काय? मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांवर १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत ५० हजार लिटर. ती बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो, लग्नाची वरात बघायला जावं तसं. गाडी आली म्हणून टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन तांब्याभर पाण्यात हात-पाय धुतले.

तुमच्या मदतीचं एकच सांगतो. त्या उन्हाळ्यात गल्लीत टँकर यायचा तेव्हा आम्ही शेवटच्या घरापासून भरायला सुरुवात केली. आधी शेवटचं, मग पुढचं. पहिल्या घराला संपायची भीती असली की तोच बाकीच्यांना घाई करतो. नळाला हे जमेल का माहीत नाही, पण डोक्यात असू द्या.

आणि हो, जायकवाडी धरणाचा नाथसागर उशाला घेऊन आठ दिवसांनी पाणी, हे आम्हा लातूरवाल्यांच्या पचनी पडत नाही बरं का.

---

वही_आणि_घड्याळ · दुपारी १.४५

सगळ्यांचे आभार. लातूरकर, नाथसागर उशाला नाही, पायथ्याला आहे. पैठण पन्नासेक किलोमीटर आणि शहर धरणापेक्षा शंभरेक मीटर उंच. आम्ही पितो तो प्रत्येक थेंब पंपानं चढवलेला असतो. नवी अडीच हजार मिलिमीटर व्यासाची लाइन टाकायला घेतली आहे खरी. पण माझ्या गल्लीतल्या तीन इंची पाइपातलं भांडण तिनं मिटेल असं मला वाटत नाही. मलिक अंबरनं याच गावात डोंगराकडून उतारानं नहर आणली होती. तिला मोटार जोडायची सोय नव्हती, हे बरं होतं.

फेरूल, तुमची उत्तरं. माझ्याकडं दोन हजार लिटरचा हौद आहे, नळ हौदाच्या तोंडाशी, जमिनीपासून फूटभर. मोटारवाल्या सातांपैकी चार जणांकडं हौद आहे. म्हणजे त्यांना मोटारीची गरजच नाही, पण ३ नंबरनं लावली म्हणून ६ नं लावली, ६ नं लावली म्हणून ९ नं. उरलेल्या तिघांकडं हौद नाही. त्यांनी वर दोन मजले चढवलेत, भाडेकरू ठेवलेत, आणि नळ थेट गच्चीवरच्या टाकीला जोडलाय.

आता एक सांगायचं राहिलंय. सकाळी लिहिताना टाळलं होतं.

टिल्लू माझ्याकडंही आहे. माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. २०१६ लाच घेतली. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाण्याची पाळी आली, घरात तीस माणसं, आणि मी ती लावली. पंचवीस मिनिटांत हौद भरला. वरची टाकी भरून वाहायला लागली, पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं, तिथं मंडपवाल्याच्या पोरांनी त्यात पाय धुतले. तेवढ्यात १८ नंबरच्या मावशी कळशी घेऊन आल्या आणि विचारलं, "आज पाणी आलं नाही का हो? की माझाच नळ बिघडलाय?" मी त्यांना म्हणालो, "प्रेशर कमी आहे आज." माझ्या चपला ओल्या होत्या. त्यांनी पाहिल्या.

पुन्हा लावली नाही. पण विकलीही नाही. म्हणून ३ नंबरच्या दारात जाऊन बोलायला जीभ उचलत नाही.

---

टाकी_फुल्ल · दुपारी २.२०

काका, हे तुम्ही लिहिलं म्हणून मीही लिहितो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली हौद आहे, पण तो मालकाचा, कुलूप लावलेला. वडिलांचे गुडघे गेलेत, आई ७० ची. पहाटे चारला खालून चाळीस बादल्या कोण आणणार? मालक म्हणाला, टाकी तुमची तुम्ही भरा. मग मोटार लावली. मोटारवाला म्हणजे चोर असं प्रत्येक वेळी नसतं. सकाळी जरा ताठ्यात लिहिलं, ते जाऊ द्या.

---

वायरमन_पुतण्या · दुपारी ३.००

सोपा उपाय: पाण्याच्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवायची. काही गावांत करतात. मोटार बंद, विषय संपला.

---

कोपऱ्यावरची · दुपारी ३.२५

आणि मे महिन्यात पहाटे पंखा बंद, तान्ह्या बाळाच्या घरात डास, म्हाताऱ्यांना अंधारात जिना. वर ज्यांच्याकडं मोठा इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे, ते एकटेच सगळ्यांचं पाणी ओढणार. नको.

---

फेरूल · संध्याकाळी ७.४०

दिवसभर कामावर होतो. काका, तुमच्या माळ्यावरच्या मोटारीचं मनाला लावून घेऊ नका. माझ्याही हातानं मी शंभरेक जोडल्या असतील. गिऱ्हाईक म्हणतं, जोड. नाही म्हटलं तर दुसरा जोडतो.

चार हौदवाले सोपे. त्यांच्याशी गोडीत बोला. उरलेले तीन खरे अवघड. त्यांचं पाणी वरचे दोन मजले ओलांडून गच्चीपर्यंत चढायला हवं, आणि तेवढा दाब तुमच्या लाइनला नाही. त्यांना "मोटार काढा" म्हणणं म्हणजे "पाणी पिऊ नका" म्हणणं. त्यांच्यासाठी उपाय असा: पार्किंगच्या कोपऱ्यात हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवायची. उभी उंच टाकी नको, बुटकी-रुंद घ्यायची. नळाचं पाणी आपल्या वजनानं तिच्यात पडू द्यायचं. आणि तीच मोटार, जी आज नळाला आहे, ती या टाकीला जोडायची. मग ती दिवसा बारा वाजता चालवा नाहीतर रात्री, कुणाचं काही जात नाही. मोटार वाईट नाही हो, जागा चुकली आहे. टाकी, फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा), थोडा पाइप. एका दिवसाचं काम.

हौदवाल्यांना एक सांगा. नळ जितका खाली, तितकं कमी दाबात पाणी येतं. फूटभर उंचीवरचा नळ हौदाच्या आत, रस्त्याच्या पातळीखाली घेतला तर धार चांगली वाढते. पण पाइपाचं तोंड हौदातल्या पाण्यात कधीच बुडू देऊ नका, वर वीतभर मोकळं ठेवा. नाहीतर पाणी गेल्यावर तुमच्या हौदातलं परत लाइनमध्ये ओढलं जाईल. खड्डा करून त्यात नळ ठेवतात, त्या खड्ड्यात पावसाचं, भांड्यांचं पाणी साचतं, तेही नको.

---

वही_आणि_घड्याळ · पुढच्या बुधवारी, सकाळी ६.१०

आज पाण्याचा दिवस होता. लिहायचं कबूल केलं नव्हतं, तरी लिहितो.

रविवारी संध्याकाळी मी वही घेऊन सातही घरी गेलो. आधी माळ्यावरून टिल्लू काढली, पोत्यासकट नेली. आमची ही म्हणाली, "मोटार घेऊन मोटारवाल्यांकडं निघालात, लोकांना वाटेल विकायला आलात." खरंच, ९ नंबरवाल्यांनी किंमत विचारली.

भाषण केलं नाही. लग्नाची गोष्ट सांगितली, ओल्या चपलांसकट. मग वहीतली दोन पानं दाखवली. ६ नंबरवाले म्हणाले, "आम्हाला तर हौद आहे, मी फक्त ३ नंबरवर राग म्हणून लावलीय." ९ वालेही तसंच काहीतरी म्हणाले, पण तासभर फिरवून. १४ नंबरच्या वहिनी स्पष्ट बोलल्या: "काका, तुम्ही निवृत्त आहात, उभे राहू शकता. मला पहाटे डबे करायचे असतात, पंचवीस मिनिटांत आटपतं म्हणून लावते." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हौदाला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला तर नळ चालू ठेवून डबे करता येतील, एवढंच म्हणालो. व्हॉल्व्ह मी आणून दिला. बसवायला शेजारचा पोरगा आला.

ठरलं असं की एक पाळी प्रयोग करायचा. पाणी आल्यापासून अर्धा तास कुणी मोटार लावायची नाही. नंतर ज्याला लावायची त्यानं लावावी. सातांपैकी पाच जण तयार झाले. ३ नंबरवाले आणि १६ नंबरवाले नाही म्हणाले. दोघांकडंही हौद नाही. ३ नंबरवाल्यांना फेरूलनी सांगितलेली टाकी सांगितली, तर म्हणाले, पार्किंगमध्ये भाडेकरूंच्या तीन गाड्या आहेत, टाकी ठेवू कुठं? तेही खोटं नाही.

आजचे आकडे. पाणी ४.०५ ला आलं. माझी बादली १ मिनिट ३५ सेकंद. नळ हौदात खाली घेतलाय, त्याचाही हात आहे यात, म्हणजे प्रयोग चोख झाला नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी मुलांना ३१ वर्षं सांगत आलो. म्हणून १८ नंबरचा आकडा जास्त खरा, तिथं काहीच बदललेलं नव्हतं: मावशींची कळशी २ मिनिटं ५० सेकंद. ४.३५ नंतर दोन मोटारी वाढल्या, धार बारीक झाली, पण तोपर्यंत मावशींचे दोन पिंप भरले होते.

१६ नंबरवाले पाचला बाहेर आले, व्हॉल्व्हजवळ उभं राहून सगळ्यांकडं बघितलं आणि काही न बोलता आत गेले. त्यांची मोटार आज २० मिनिटंच चालली. वहीत नोंद आहे.

---

लातूरकर · सकाळी ७.०५

आणि तुमची टिल्लू? ९ नंबरला विकली की काय?

---

वही_आणि_घड्याळ · सकाळी ७.३०

नाही. ३ नंबरच्या वरच्या भाडेकरूनं एक गाडी गल्लीत, माझ्या दारासमोर लावायची तयारी दाखवली आहे. म्हणजे टाकीला जागा होतेय. फेरूल, पाचशे लिटरची बुटकी टाकी मिळते का, आणि ती अर्ध्या एचपीला चालेल का? त्यांची सध्याची मोटार गळते. माझी पडून आहे, दहा वर्षांत एकदाच वापरलेली.

---

फेरूल · सकाळी ७.५२

मिळते, चालेल. मात्र पडून राहिलेल्या मोटारीचं सील वाळलेलं असतं. जोडायच्या आधी तासभर पाणी भरून ठेवा आणि शाफ्ट हातानं फिरवून बघा. फिरला नाही तर मला कळवा. शुक्रवारी एन-७ ला काम आहे, येता येता बघून जातो.